तलंग की नर? परसातल्या कोवळ्या कोंबड्या ओळखायची रीत

आखाड तोंडावर आला की मराठवाड्यातल्या गावागावांत खुराडी रिकामी व्हायला लागतात. श्रावण लागायच्या आत नर विकून मोकळं व्हायचं, एखादा घरी कापायचा, एखादा म्हसोबाच्या नावाने राखून ठेवायचा, असा सगळीकडचा हिशेब. या गडबडीत दर साली काही चांगल्या तलंगाही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या माद्याही, मांसाच्या भावात निघून जातात. दीड-दोन महिन्यांत अंड्यावर आली असती अशी तलंग रश्शात जाते. उलटंही होतं. ‘ही दिवाळीपर्यंत अंडी देईल’ म्हणून जिला रोज मूठभर ज्वारी जास्त टाकली, ती एका पहाटे मान ताणून बांग देते. दोन्हीकडे खोट बसते ती बहुतेक घरच्या बाईलाच, कारण कोंबड्यांचा पैसा तिच्या हातचा असतो.

नर-मादी ओळखणं अवघड नाही, पण त्याला वेळ लागतो. गावरान पिल्लांत पहिल्या दिवशी खात्रीने सांगता येईल अशी खूण जवळपास नाहीच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंदाज येतो, आठव्या-दहाव्यात बरीचशी पाखरं वेगळी पडतात आणि बाराव्या-चौदाव्यात पिसावरून निकाल लागतो. तोवर मनात तीन ढीग ठेवायचे: पक्के नर, पक्क्या माद्या आणि शंकेची पाखरं. शंकेच्या ढिगातलं पाखरू विकायचं नाही, कापायचं नाही. एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं नुकसान टळतं.

अंड्यावरून काही कळतं का?

नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, असं म्हणणारे अजून भेटतात. कुणी अंड्यावर दोऱ्याने अंगठी टांगून ती गोल फिरते की सरळ हलते ते बघतात. करमणूक म्हणून ठीक आहे. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंगावर जातो. एकच कोंबडी साधारण एकाच घडणीची अंडी घालते आणि त्यांतून नर-माद्या दोन्ही निघतात.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. नराकडे झेड-झेड अशी गुणसूत्रांची सारखी जोडी असते, मादीकडे झेड आणि डब्ल्यू. त्यामुळे कोंबडीच्या पोटात तयार होणाऱ्या बलकात झेड गेला की नर, डब्ल्यू गेला की मादी. अंडं बाहेर पडायच्या आधीच गोष्ट ठरलेली असते. ‘या कोंबड्याला नरच जास्त होतात’ म्हणून कोंबडा बदलण्यात अर्थ नाही. उबवण्याची उष्णता कमी-जास्त केली तर माद्या वाढतात, हाही गैरसमज. मगर आणि बऱ्याच कासवांत तसं होतं, कोंबडीत होत नाही. उष्णता चुकली तर पिल्लं अंड्यातच मरतात, एवढंच.

सरासरीने निम्मे नर, निम्म्या माद्या. मात्र एका खुडूक कोंबडीखाली निघालेल्या दहा पिल्लांत ही सरासरी दिसेलच असं नाही. दहांत सात किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता गणिताने साधारण १७ टक्के येते, म्हणजे सहा रवणांत (रवण म्हणजे एका वेळी उबवलेली पिल्लांची खेप) एकदा. तेव्हा एखाद्या वेळी नुसते नरच दिसायला लागले तर नजर चुकली असं लगेच धरून चालू नका.

पहिले दोन-तीन दिवस

मोठ्या हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लांची निवड होते हे खरं आहे. पिल्लाचं गुदद्वार किंचित उघडून आतली बारीकशी गाठ बघायची, ही पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात बसवली गेली. ते काम शिकायला बराच काळ जातो आणि हात रोज चालू ठेवावा लागतो. नर-मादीतला फरक अगदी सूक्ष्म असतो आणि बोटाचा दाब जरा जास्त झाला तर पिल्लाचं आतडं दुखावतं. घरी याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी पद्धत पंखाची. मोबाईलवर पिल्लाचा पंख पसरून दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पसरलेल्या पंखात पिसांच्या दोन ओळी दिसतात, खालची मोठी पिसं आणि त्यांच्या बुडावर झाकण घालणारी वरची. खालची ओळ ठळकपणे लांब असेल तर मादी, दोन्ही ओळी सारख्या किंवा वरचीच लांब असेल तर नर. व्हिडिओत दाखवतात ते खोटं नसतं, पण एक गोष्ट त्यात बहुधा राहून जाते. ही खूण मुद्दाम तशी पैदास केलेल्या जातींतच चालते, जिथे बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची असते. तीही पहिल्या दोन-तीन दिवसांतच. आपल्या गावरान कळपात कोण कुठल्या वाणाचं याचा पत्ता नसतो. तिथे पंख बघून सांगणं म्हणजे नाणं उडवणं.

रंगाचा एक जोड मात्र घरीसुद्धा जमतो. आरआयआरचा (ऱ्होड आयलंड रेड जातीचा) लाल कोंबडा आणि राखाडी-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची कोंबडी यांची पिल्लं काळी निघतात. त्यांत ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, जिचं डोकं सगळं काळं ती मादी. हा जोड उलटा केला, म्हणजे पट्ट्यांचा कोंबडा आणि लाल कोंबडी घेतली, तर सगळ्याच पिल्लांना ठिपका येतो आणि खूण निकामी होते. आई-बाप दोन्ही पट्ट्यांचे असतील तर ठिपका सगळ्यांना असतो, पण नराचा मोठा आणि पसरट, मादीचा लहान. पुढे मोठं झाल्यावरही अशा जातीत नर फिका दिसतो आणि मादी गडद.

गावरानात पाठीवर तपकिरी पट्टे असलेली पिल्लं बरीच असतात. ज्यांचे पट्टे गडद, कडा स्पष्ट आणि डोळ्यामागची रेघ ठळक, त्या बऱ्याचदा माद्या निघतात. पुसट पट्टे बहुधा नराचे. हा नुसता इशारा आहे. वहीत लिहून ठेवा, त्यावर पैसे लावू नका.

पिल्लू पायाला धरून उलटं टांगायचं आणि ते डोकं वर करतं की लोंबतं यावरून सांगायचं, असाही एक प्रकार चालतो. त्याने नर-मादी कळत नाही, पिल्लू तेवढं घाबरतं.

आधी खूण बांधा

दहा-पंधरा पिल्लं एकाच रंगाची असली की मागच्या आठवड्यात कुठलं बघितलं होतं तेच आठवत नाही. म्हणून डालगं उचलायच्या वयात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, प्रत्येकाला खूण करा. पायात रंगीत प्लास्टिकचं कडं मिळतं. नसेल तर मऊ सुती दोरा चालतो. तो दर आठवड्याला सैल करावाच लागतो, कारण या वयात पायाची नळी झपाट्याने जाड होते आणि विसरलेला दोरा कातडीत रुततो. नखाला नेलपॉलिश लावलं तरी भागतं. फक्त लाल रंग घेऊ नका, लाल दिसलं की बाकीची पिल्लं टोचून टोचून रक्त काढतात. निळा, हिरवा बरा.

बघायची वेळ सकाळची. खुराडं उघडायच्या आधी, सावलीत, पाखरं शांत असताना. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी चोच उघडून धापा टाकणाऱ्या पाखराचा तुरा बघून काही ठरवू नये. जंत झालेलं, जुलाब लागलेलं किंवा पाणी कमी पडलेलं पाखरूही फिकं दिसतं, मग ते नर असो की मादी.

आणि तुलना करायची ती एका रवणाच्या, एका वयाच्या, शक्यतो एका जातीच्या पिल्लांतच. आठ आठवड्यांचा गिरीराज आणि दहा आठवड्यांची गावरान शेजारी उभी करून काही कळणार नाही.

पाचवा-सहावा आठवडा: तुरा

पहिला फरक डोक्यावर दिसतो. सुरुवातीला सगळ्यांचा तुरा पिवळट, बारीक. पाचव्या आठवड्याच्या आसपास नरांचा तुरा बुडाशी रुंद व्हायला लागतो, दाते वर येतात आणि रंग गुलाबीकडे झुकतो. चोचीखाली लोलक फुटायची सुरुवात तिथेच दिसते. माद्यांचा तुरा अजून पिवळट आणि आखूड असतो. सगळी पिल्लं समोर घेऊन नुसत्या तुऱ्यावरून ओळ लावली तर दोन्ही टोकांची पाखरं बहुधा बरोबर निघतात. घोळ मधल्यांचा.

पायही बघा. नराची नळी जाड, पंजा मोठा, गुडघे रुंद. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन पाखरांच्या नळ्या आळीपाळीने धरल्या की डोळ्याला न दिसणारा फरक हाताला लागतो.

पिसांची गत थोडी उलटी आहे. माद्यांना शेपूट आणि खांद्यावरची पिसं लवकर येतात, नर बरेच दिवस उघडे-बोडके, शेपटीच्या जागी खुंट घेऊन फिरतात. आरआयआर, वनराज, गिरीराज असल्या भारी अंगाच्या जातींत हा फरक चांगला दिसतो, हलक्या गावरानात तेवढा नाही.

या वयात दोन पाखरं हमखास फसवतात. एक म्हणजे मागे पडलेला नर, ज्याला बाकीचे दाण्याजवळ येऊ देत नाहीत. त्याचं अंग बारीक, तुरा फिका, म्हणून तो तलंगांत मोजला जातो. दुसरी म्हणजे दांडगट तलंग. सगळ्यांच्या आधी दाण्यावर झेपावणारी, मोठ्या तुऱ्याची, दोघांना टोचून हाकलणारी. ती नरांत जमा होते आणि आखाडात आधी तिचाच नंबर लागतो. खरं तर पुढे चांगली अंडी देणारी तीच असायची शक्यता जास्त.

आठवा-दहावा आठवडा: लस आणि पहिली वाटणी

मानमोडीची म्हणजे राणीखेतची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात देतात आणि आर-टू-बीचं इंजेक्शन साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात. इंजेक्शनच्या दिवशी एकूण एक पाखरू हातात येतं. नर-मादी तपासायला याच्यासारखा दिवस नाही. आधी तपासा, खूण बांधा, मग सुई द्या. लसीनंतर दोन-चार दिवस पाखरं मलूल असतात, तुरे उतरतात, तेव्हा केलेली पाहणी कामाची नाही.

या वेळेपर्यंत रंग बोलायला लागतो. आपल्या गावरान कोंबड्यांत रानकोंबड्याचा मूळ रंग अजून बराच टिकून आहे. अशा रंगाच्या पिल्लांत नराच्या खांद्यावर तांबडे, विटकरी डाग उमटतात आणि छातीवर काळं यायला लागतं. अंगावर रंगाचे तुकडे दिसतात, जणू पिसं बदलता बदलता मधेच थांबलीत. मादीचा रंग सगळीकडे एकसारखा, बारीक नक्षीचा, मातीत मिसळून जाणारा. नुसतं खांद्यावर तांबडं दिसलं तरी तो नर म्हणायला हरकत नाही.

पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत लाभार्थ्याला जो तलंगांचा गट देतात तो याच वयाचा असतो: आठ ते दहा आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर. गट ताब्यात घेताना २५ आणि ३ हे आकडे कागदावर न मोजता पाखरांवर मोजा. एकेक पाखरू उचलून तुरा, नळी, खांदा बघायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शंका वाटली तर तिथेच बोला. घरी आणून महिन्याने सांगितलं तर कोण ऐकणार.

बाराव्या आठवड्यानंतर: कमरेवरचं पीस

आता खरी परीक्षा. मला विचाराल तर बाकी सगळ्या खुणा विसरलात तरी चालेल, ही एक शिकून घ्या.

संध्याकाळी पाखरं खुराड्यात शिरल्यावर एकेक बाहेर घ्या. एक हात छातीखाली, पाय बोटांत अडकवलेले, डोकं तुमच्या कोपराकडे. म्हणजे शेपूट समोर येते. शेपटीच्या बुडाच्या किंचित पुढे, पाठ संपून उतार लागतो तिथली पिसं दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने उलटी फिरवा आणि एकेक करून खाली सोडा. बॅटरीचा उजेड बाजूने पाडा, वरून नको, बाजूच्या उजेडात टोक उठून दिसतं.

नराचं पीस तिथे अरुंद, लांब आणि कडुनिंबाच्या पानासारखं टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. कडा चकचकीत आणि टोकाशी विरळ, जवळजवळ पारदर्शक. मादीचं पीस रुंद, टोकाला गोल, चमक कमी. पिसं कोवळी असतील तर सगळी टोकदार दिसणार नाहीत. जुन्या गोल पिसांच्या मधून दोन-चार नवी अरुंद पिसं डोकावतात, काही अजून न उलगडलेल्या सळीच्या रूपात असतात. एवढीही पुरेत. एक टोकदार पीस नक्की सापडलं की तो नर. बारा आठवड्यांना काहीच सापडलं नाही तर मादी आहे असं लगेच म्हणू नका, दोन आठवड्यांनी परत बघा. गावरान पाखराला उशीर लागतो. चौदा-पंधरा आठवड्यांनाही सगळी पिसं गोल असतील तर ती तलंग.

मानेवरची पिसंही अशीच बदलतात, पण मादीच्या मानेवरची पिसंसुद्धा बऱ्यापैकी अरुंद असतात, त्यामुळे तिथे नवखा माणूस फसतो. कमरेवर फसायला जागा कमी.

हे पीस इतकं भरवशाचं का, त्याला कारण आहे. पीस रुंद आणि गोल करणारं संप्रेरक मादीच्या अंडाशयातून येतं. ते अंगात नसलं की पीस टोकदार आणि चकचकीतच वाढतं. म्हणजे पीस थेट अंडाशयाची साक्ष देतं. तुऱ्याचं तसं नाही. तुरा वाढवणारं, लाल करणारं संप्रेरक नरात भरपूर असलं तरी मादीतही असतं, आणि तलंग अंड्यावर यायला लागली की तिचाही तुरा लालभडक होतो. साडेचार-पाच महिन्यांची लाल तुऱ्याची तलंग बघून ‘हा नर निघाला’ म्हणणारे मग पिशवीत घालून बाजारात नेतात, ते यामुळेच.

यानंतर नराच्या शेपटीत लांब, वाकडी, खाली झुकणारी पिसं येतात. तोवर सांगायची गरजच उरत नाही.

जात बदलली की नजर बदला

कडकनाथात तुऱ्याच्या रंगावर जाऊ नका. झाबुआकडची ही जात आतून-बाहेरून काळी. तुरा जांभळट-काळा, त्यामुळे लाल व्हायची वाट बघत बसलात तर सगळीच तलंग वाटतील. इथे तुऱ्याचा आकार बघा आणि मग कमरेचं पीस. काळ्या पिसाचं टोक बॅटरीशिवाय दिसत नाही. मानेवर सोनेरी किंवा रुपेरी छटा असलेल्या कडकनाथात काम सोपं होतं, नराच्या मानेवर आणि कमरेवर ती छटा जास्त फाकते.

असीलची अडचण वेगळी. त्याचा तुरा मुळातच बसका आणि बारीक, आणि नर-मादी दोघंही मान ताठ करून उभे राहतात. ताठ उभं राहिलं म्हणजे नर, हा गावरानातला ठोकताळा इथे पार आपटतो. नळीची जाडी आणि पीस, दोनच आधार.

उघड्या मानेच्या कोंबडीला मानेवर पिसंच नसतात, तेव्हा थेट कमरेकडे वळायचं. उलट्या, कुरळ्या पिसांच्या पाखरात टोक नीट दिसत नाही, तिथे एखादं पीस बोटांनी सरळ करून बघावं लागतं. पांढऱ्या पाखरात चमक कळत नाही, फक्त आकार बघायचा. गिरीराज, वनराज, कावेरी यांची वाढ गावरानापेक्षा वेगाने होते, म्हणून तुऱ्याची खूण त्यांच्यात एखाद-दोन आठवडे आधीच उठते.

पायाच्या मागच्या काट्यावर लवकर भरवसा ठेवू नये. कोवळ्या वयात दोघांनाही तिथे बारीक गाठ असते. नराची पुढे टोकदार होते, पण म्हाताऱ्या कोंबड्यांनाही काटे फुटतात.

वागणं आणि बांग

दोन पिल्लं मानेची पिसं फुगवून समोरासमोर उभी राहिली, छातीवर छाती आदळली, की लोक म्हणतात दोघं नर. पहिल्या दोन महिन्यांत तलंगाही हेच करतात, त्यांनाही आपापसात पायरी ठरवायची असते. फरक शेवटाला कळतो. तलंगांचं भांडण दोन टोच्यांत मिटतं, नरांचं पुन्हा पुन्हा उकरून निघतं. घार दिसली की आधी ओरडणारा, किडा सापडला की तो उचलून-टाकून ‘कुक-कुक’ करत इतरांना बोलावणारा, हा बहुधा वयात येणारा नर. पण पिल्लांची आईही हेच करते, म्हणून हे कोवळ्या कळपातच मोजावं.

बांग द्यायचं वय ठरलेलं नाही. काही नर अडीच-तीन महिन्यांत चिरका प्रयत्न सुरू करतात, गावरान बरेचदा साडेतीन ते पाच महिन्यांत. कळपात मोठा कोंबडा असला तर लहान नर दबून राहतो आणि आवाज काढत नाही. बांग दिली तर नर, हे ठीक. बांग दिली नाही म्हणून मादी, हे चुकीचं.

वाटणी झाल्यावर

साधारण बारा आठवड्यांनंतर नर वेगळे काढलेले बरे. एका खुराड्यात ठेवले तर ते दाण्यावर तलंगांना मागे सारतात आणि पुढे कोवळ्या तलंगांच्या पाठीची पिसं उपटतात. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तो निवडताना शक्यतो दुसऱ्या गल्लीतला, दुसऱ्या गावचा घ्या. घरचाच भाऊ त्याच तलंगांवर सोडला की दोन-तीन पिढ्यांत पिल्लं दुबळी निघायला लागतात. शेजारणीशी अदलाबदल हा सगळ्यात स्वस्त उपाय.

माघ-फाल्गुनात निघालेली पिल्लं आखाडापर्यंत चार-पाच महिन्यांची होतात. म्हणजे विक्रीच्या आधी पिसाची परीक्षा घ्यायला पुरेसा वेळ असतो. चैत्र-वैशाखात काढलेल्या पिल्लांबाबत मात्र आखाडात घाई करू नका, शंकेचा ढीग तोवर मोठाच असतो. ते नर पुढे दसऱ्यानंतरही विकले जातात.

तलंग अंड्यावर यायला लागली की आणखी दोन खुणा मिळतात. पाठीवर हात ठेवला की ती पंख किंचित पसरून जमिनीला टेकून बसते. आणि शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन बाजूंना असलेली बारीक हाडं चाचपली तर त्यांत अंतर पडलेलं लागतं. अंडी देणाऱ्या कोंबडीत दोन ते तीन बोटं मावतात, कोवळ्या तलंगेत जेमतेम एक. नराची हाडं जवळ, टणक. गावरान तलंग साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात अंड्यावर येते. शिंपल्याचा चुरा, चुनखडी हे तेव्हापासून द्या. त्याआधी वाढत्या पाखरांना जास्त कॅल्शियम दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

कोंबडी आरवली तर

हे क्वचित घडतं आणि घडलं की गावात चर्चा होते, कुणी अपशकुन म्हणतं, लगेच मान मुरगाळतात. कोंबडीत डाव्या बाजूचं एकच अंडाशय काम करतं. आजाराने, गाठीने ते निकामी झालं तर उजव्या बाजूचा सुप्त अवयव वाढायला लागतो आणि नराची लक्षणं उमटतात: तुरा मोठा होतो, पुढच्या पिसं बदलण्याच्या वेळी टोकदार पिसं येतात, बांगही फुटते. अंडी बंद. घरात अपशकुन वगैरे काही नाही, पाखरू आजारी आहे. अंडी देऊन गेलेली जुनी कोंबडी अशी बदलली तर हे कारण. तलंग म्हणून पोसलेलं, कधीच अंडं न दिलेलं पाखरू आरवलं तर तो पहिल्यापासून नरच होता.

बाजारातून घेताना

आठवडी बाजारात पाटीवाला म्हणतो, “घ्या मावशी, समद्या तलंगाच हायत्या, एक बी नर न्हाई.” तीन-चार आठवड्यांची पिल्लं असतील तर हे त्यालाही माहीत असणं शक्य नाही. त्या वयाची घ्यायची तर निम्मे नर निघतील असं धरूनच भाव करा. मोटारसायकलवर जाळीच्या खोक्यातून गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात, ती बहुतेक वेळा अंड्याच्या व्यापारी जातीतले नको असलेले नर असतात. पोरांना खेळायला म्हणून घेतात, पण त्यांतून अंड्याची आशा धरू नये. खात्रीचा वाण हवा असेल तर छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र इथे चौकशी करा. तिथेही एक दिवसाची पिल्लं सहसा नर-मादी मिसळलेलीच मिळतात.

अंड्यासाठीच घ्यायच्या असतील तर तीन-साडेतीन महिन्यांच्या पुढच्या तलंगा घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. पाटीतून पाखरू स्वतः उचला, शेपटीच्या पुढची पिसं उलटी फिरवून टोक बघा, मग पैसे काढा. विकणारा हात लावू देत नसेल तर पुढच्या पाटीकडे चला.